तुटलेला बोल्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेची हकीकत सांगते. मला मात्र चिटणीसबाईंनी बजावले की, "तुम्ही त्या मोटारीच्या बोल्टाचेच सांगा. गल्लीला अर्धीच हकीकत ठाऊक आहे." उरलेली अर्धी माझ्या फजितीची आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

आमची जुनी मोटार आपण सर्वांनी पाहिली आहे. यजमान गेल्यावर ती विकून टाकावी, असा सल्ला पुष्कळांनी दिला. मी विकली नाही. सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी संभाजीनगरला न्यावे लागते, आणि ते पन्नासएक किलोमीटर एस.टी.च्या गर्दीत जाणे त्यांना सोसत नाही. मोटार चालविणे मी पन्नाशीत शिकले. मग यजमानांच्या हत्यारांच्या पेटीतले पाने ओळखू लागले, तेल बदलू लागले. थोडा गर्वही चढला असावा.

गेल्या फाल्गुनात नाथषष्ठी तोंडावर आली असताना मोटार तापू लागली. मिस्त्रींनी दूरध्वनीवर सांगितले की, पाणी खेळविणारा थर्मोस्टॅट अडकला असेल. दोन बोल्ट काढले की झाकण निघते. षष्ठीच्या गर्दीमुळे ते स्वतः चार दिवस येऊ शकत नव्हते. सासूबाईंची तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. मी म्हटले, दोन बोल्ट तर काढायचे!

इंजिन निववून पाणी काढले. पहिला बोल्ट सुरळीत निघाला. दुसरा हलेना. मी पान्याला दोन फूट लांबीची लोखंडी नळी जोडली आणि ओढले. कटकन आवाज झाला, आणि बोल्टाचे डोके माझ्या पायाशी पडले.

भगिनींनो, त्या नळीचा हिशेब मी नंतर केला. तो बोल्ट जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा. तो आवळावयाचा म्हणजे सुमारे १० न्यूटन-मीटर जोराने, अर्थात दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी दहाएक किलोचा भार देऊन. दोन फुटी नळीच्या टोकाला तीन-चार किलोचा भार दिला, तरी असा बोल्ट तुटू शकतो. म्हणजे बाजारातल्या भाजीच्या पिशवीएवढा! मी तर भिंतीला पाय लावून ओढले होते.

तो अडकला होता कशाने, तेही सांगते. बोल्ट पोलादाचा आणि भोक ॲल्युमिनियमचे. अशा दोन जातींच्या धातूंमध्ये पाणी झिरपले की ॲल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेऊन आट्यांत गच्च बसते.

झाकण उचलल्यावर बोल्टाचे बोटाच्या पेराएवढे खुंट वर राहिले होते. त्यावर पकड लावली. ती घसरून खुंटाच्या कडाच गोल झाल्या. मग स्वयंपाकघरातली विद्या आठवली. एकात एक अडकलेले पेले सोडवायला आपण बाहेरच्याला गरम पाणी लावतो आणि आतल्यात गार पाणी ओततो. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून भोवताली उकळते पाणी ओतले, खुंटाला बर्फ लावला, गंज सोडविणारे तेल सोडले. युक्ती खरी होती, पण उकळत्या पाण्याची ऊब तिथे पुरी पडली नाही.

आता माझा पुतण्या पुढे सरसावला. "काकू, याला भोक पाडू आणि ईझी-आउट घालू." हे उलट्या आट्यांचे हत्यार, तुटक्या बोल्टात रुतते आणि त्याला उलटे फिरवून बाहेर आणते. त्याच्या हातात ड्रिल होतेच. मी पुन्हा मिस्त्रींना विचारले. ते जवळजवळ ओरडलेच, "वहिनी, हात लावू नका! ड्रिल कठीण पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते. आणि ईझी-आउट आत मोडले, तर ते इतके कठीण की साधे ड्रिल त्याला कापत नाही. बोल्ट मोडला ते दोन रुपयांचे काम आहे. यापुढे जे मोडेल ते महाग पडेल."

मी पुतण्याच्या हातातून ड्रिल काढून घेतले. त्या संध्याकाळी केलेले शहाणपणाचे काम एवढेच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना एस.टी.ने नेले. बिडकीनपर्यंत त्यांना बसायला जागा मिळाली नाही. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागले. घरी आल्यावर दिरांचा फोन आला, "आता तरी विका ती गाडी." मी काय उत्तर देणार?

तिसऱ्या दिवशी खिडक्यांच्या जाळ्या करणारे वेल्डर आले. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडली, पेट्रोलच्या नळ्या ओल्या गोणपाटाने झाकल्या, वाळूची बादली जवळ ठेवली. खुंटावर एक नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्डिंग केले. ते पोलादाला धरते, ॲल्युमिनियमला नाही. बोल्ट लालभडक होऊन फुगला, निवताना आकसला, आणि त्या आकसण्याने भुकटीची मिठी सैल झाली. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "जरा आवळा, मग जरा सोडा," म्हणाले. आवळायचे? मला नवल वाटले. पण पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करता करता कुरकुरत तो फिरला. या मापाच्या बोल्टाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. पंधरा फेरे मी मोजले. एवढे सावकाश मी आयुष्यात काही केले नसेल.

आटे साफ करून, नव्या बोल्टाला ग्रीसचा पुसट हात लावून तो बसविला, आखूड पान्याने. नळी माळ्यावर टाकली आहे. कोणाला हवी असल्यास न्यावी.

पुढच्या तपासणीला आम्ही मोटारीनेच निघालो. बिडकीनला थांबून मी इंजिनाचे झाकण उघडले आणि तिथे बोट फिरवून पाहिले. कोरडे होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "झाले असेल पाहून, तर चहा घेऊ या का?"