पोराच्या पुस्तकाचा मुखत्यार कोण?



चाकण-चिंचवडकडे जमिनी गेल्या, कारखाने आले. पण आम्हां कष्टकऱ्यांची पोरे अजून सरकारी शाळेतच अक्षर गिरवितात. त्यांनी काय शिकावे, हे ठरवितो कोण?

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी सांगितले, की शेतकऱ्यांच्या पोरांस मोडी, हिशेब व शेतकीचे ज्ञान द्या. म्हणजे हा सवाल आमचाच, आणि जुना आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. आईबाप, शिक्षक व विरोधी पक्ष उठले. २९ जूनला हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मराठीच्या नावाने मते मागणारे पुष्कळ निघाले. पण अभ्यासक्रम नगरसेवक ठरवीत नाही, राज्य सरकार ठरविते. नगरसेवकास शाळेच्या खोल्या, पाणी व संडास यांचा जाब पुसावा.

आणि आम्ही काय करतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण जागा आईबापांच्या, निम्म्या जागा बायांच्या. खाडा पडेल म्हणून आम्ही बैठक चुकवितो आणि मागाहून न वाचता सही करतो. मग तक्रार कोणाची?

बंधूंनो, मत पाच वर्षांनी एकदा. शाळा रोज भरते.