सव्वा महिना कुणाच्या जबाबदारीचा?

(केबिन रोड, भाईंदर येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



डोहाळजेवणाला आपली सगळी इमारत जमते. बारशाला घुगऱ्या आणि पेढे खायलाही जमते. पाहुणे गेले की दार बंद होतं. त्या बंद दारामागच्या दिवसांबद्दल मला आज बोलायचं आहे.

याच रस्त्यावरची एक बाई. नाव सांगत नाही. भाड्याची खोली, तिसरा मजला. आई रत्नागिरीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेली. सासू आली, पण भाताची लावणी तोंडावर, म्हणून बारसं उरकून परत गेली. नवरा सकाळी सातची लोकल पकडतो, रात्री नऊला घरी. विसाव्या दिवशी मी भलत्याच कामासाठी तिचं दार वाजवलं. बाळ रडत होतं आणि ही भिंतीकडे बघत बसली होती. सिझेरियनच्या टाक्यांसकट पाण्याच्या बादल्या उचलत होती. मला म्हणाली, "ताई, याला कुणी घेऊन गेलं तर बरं होईल असं वाटतं." आणि लगेच, "मी वाईट आई आहे का हो?"

शेजारी विचारलं, तर उत्तर मिळालं, "आम्हाला वाटलं, घरचं कुणीतरी असेल." त्यांना काय बोलू? तिच्या डोहाळजेवणाला मीसुद्धा पोटभर जेवून आले होते.

ती वाईट आई नव्हती, आजारी होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत दर पाच बाळंतिणींमागे साधारण एकीला मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. आपण त्याला 'नखरे' म्हणतो, नाहीतर 'बाहेरचं काहीतरी' म्हणून अंगारा लावतो. तिला डॉक्टरांकडे नेलं, तीन शेजारणींनी पाळ्या लावल्या, हळूहळू ती सावरली. पण हे कळलं योगायोगाने. बाळंतीण योगायोगावर सोडायची का?

कुणी म्हणेल, पूर्वी बरं होतं. माहेर होतं, सुईण होती, डिंकाचे लाडू होते. होते ना! पण विटाळही होता. बाईला कोपऱ्यातली अंधारी खोली मिळायची ती अपवित्र म्हणून. बंद खोलीत शेगडीचा धूर, पाणी प्यायला बंदी, आणि मुलगी झाली तर लाडवातलं तूपही कमी. ते दिवस परत आणायचे नाहीत. त्यातली विश्रांती, गरम जेवण आणि माणसांची सोबत तेवढी घ्यायची, आणि तीही हक्क म्हणून.

हक्क हा शब्द मी जपून वापरते आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार बराचसा सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१चा देशभराचा कायदा आला. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पण घरोघरी भांडी घासणारीला किंवा घरात बसून नगावर इमिटेशनचे मणी ओवणारीला ही रजा कोण देतं? केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. इथल्या गाळ्यात स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या बापाला?

कायद्यासाठी भांडत राहूच. पण आपल्या हातातलंही काही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली जगासमोर आलं. २०११पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या त्या याच वाटेने. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, अशा सहा भेटी. आपल्या इमारतीत त्या होतात का, हे आपण विचारायचं.

आणि उरलेल्या दिवसांचं काय? दर मजल्यावर एक वही ठेवू. बाळंतीण घरी आली की ४२ दिवसांच्या पाळ्या. एकीने दुपारचं जेवण, एकीने पाणी, एकीने तासभर बाळ सांभाळायचं म्हणजे आई झोपेल. सल्ले देऊ नका, "तू कशी आहेस?" एवढं विचारा. अंगावरून फार जात असेल, ताप असेल, झटके आले, बाळ अंगाला गार लागलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर कुणाची वाट न बघता दवाखाना. ती जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि बापांनाही पाळीत घ्या. लंगोट धुतल्याने कुणाची मर्दानगी धुऊन जात नाही.

गाव सोडून, गिरणगाव सोडून आपण इथे आलो. माहेर मागे राहिलं. म्हणून ते इथेच, या जिन्यात उभं करावं लागेल. पहिली वही मी आणली आहे. आपापल्या इमारतीत आठवा महिना कुणाला लागलाय, तेवढं आज सांगूनच घरी जा.