आग लागली तर आजीला कोण उचलणार?



आगीचा विषय निघाला की आपण वाळूच्या बादल्या आणि बंब यांवर बोलतो. पण ज्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा किंवा काठी टेकत चालणारी आजी आहे, त्या घरापुढे पहिला प्रश्न वेगळा आहे : त्यांना बाहेर कोण काढणार? दिवसा सून एकटी, रात्री मुलगा पाळीवर. एकट्याने म्हातारे माणूस जिन्यावरून उतरवणे फार कठीण.

९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे कोलकात्यात ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ९० च्या आसपास माणसे दगावली. बहुतेक जण भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून गेले. अनेकांना स्वतःहून उठताही येत नव्हते. शेजारच्या झोपडपट्टीतील तरुण मात्र धावून आले आणि त्यांनी कित्येक रुग्णांना बाहेर काढले. यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. ज्वाळेआधी धूर येतो आणि बंबाआधी शेजारी येतो.

बँकेत आम्ही खातेदाराला नॉमिनीचे नाव नोंदवायला सांगतो. तशीच घरातील वृद्धासाठी शेजारची नावे नोंदवा : दिवसाची दोन, रात्रीची दोन. जाळीच्या दाराची किल्ली कुठे टांगलेली असते आणि आजीला काय दुखणे आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

वृद्धांचे अंथरूण शक्यतो दाराजवळच्या खोलीत घालावे. चष्मा, काठी, श्रवणयंत्र आणि बॅटरी उशाशी ठेवावी. जाण्यायेण्याच्या वाटेत सायकल, पिंप ठेवू नये. घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत विडी, अगरबत्ती, मेणबत्ती नको. प्रतिमेपुढील मेणबत्तीही झोपण्यापूर्वी विझवावी.

आग लागली तर लिफ्ट वापरू नये. चालता न येणाऱ्याला जाड चादरीवर घेऊन, डोक्याकडची बाजू धरून जमिनीलगत ओढत न्यावे. खाली धूर कमी असतो. जिन्यावर मात्र दोघा-तिघांनी उचलावे. विसरभोळ्या माणसाचा हात सोडू नये. ते परत आत जातात. बाहेर पडताना दार ओढून घ्यावे. वाटच बंद झाली तर खोलीचे दार लावून फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीतून हाक द्यावी. १०१ किंवा ११२ वर पत्ता, मजला आणि 'आत न चालणारे माणूस आहे' हे आधी सांगावे.

विद्यार्थी मित्रहो, येत्या रविवारी आपल्या चाळीतील, इमारतीतील अशा घरांची यादी करा. मग एखाद्या धडधाकट मित्राला चादरीवर झोपवून दारापर्यंत ओढून पाहा. किती माणसे लागतात, वाट कुठे अडते, हे त्याच दिवशी कळेल. आगीच्या रात्री ते शिकायला वेळ नसतो.