फॉरेस्टवाला म्हणजे कोर्ट नाही
(पाड्यांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



या पावसाआधी आपल्याच एका पाड्यातल्या दोघा भावांना फॉरेस्टवाल्यांनी प्लॉटवरून उचललं. नांगर नेला. दोन रात्री त्यांना ऑफिसमागच्या खोलीत ठेवलं. कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, पैसे घेतले, पावती दिली नाही, आणि सोडलं. त्या दोन दिवसांत आम्ही काय केलं? काही नाही. संघटनेचं काम करणारे आम्ही, आम्हीसुद्धा बोललो, "सरकारने नेलंय, सोडेल तेव्हा सोडेल." ही आमची चूक होती. ती परत होऊ नये म्हणून आज बोलायला उभे आहोत.

आपल्याला वाटतं सरकार म्हणजे एकच. गार्ड, फौजदार, तलाठी, जज, सगळे एकच. कायद्यात तसं नाही. पकडणारा वेगळा, न्याय करणारा वेगळा. गुन्हा झाला की नाही, शिक्षा किती, हे फक्त कोर्ट ठरवतं.

कोर्टं आपल्या घरातल्या उतरंडीसारखी एकावर एक आहेत. खाली तालुक्याला मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. त्याच्यावर ठाण्याला जिल्हा आणि सेशन कोर्ट. त्याच्यावर मुंबईला हायकोर्ट. सगळ्यात वर दिल्लीला सुप्रीम कोर्ट. खाली न्याय मिळाला नाही तर वर अपील करता येतं. वरच्या कोर्टाने सांगितलेलं खालच्याला मानावं लागतं. या उतरंडीत रेंज ऑफिस कुठेच नाही.

आता पाठ करायच्या गोष्टी ऐका.

एक. कशासाठी पकडलं ते सांगावं लागतं. पकडल्यापासून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, वाटेचा वेळ सोडून. हे घटनेच्या 22 व्या कलमात लिहिलं आहे. ते फॉरेस्टवाल्यालाही लागू आहे. म्हणजे आपल्या भावांची दुसरी रात्र बेकायदा होती. मॅजिस्ट्रेटपुढे गेल्यावर मान खाली घालून राहायचं नाही. मारलं असेल तर तिथंच सांगायचं, डॉक्टरी तपासणी मागायची.

दोन. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही. पण फॉरेस्टचा अंमलदार म्हणजे पोलीस नाही, त्याच्यापुढचा कबुलीजबाब आपल्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. म्हणून तिथं जास्त सांभाळायचं. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायचं.

तीन. 1927 च्या फॉरेस्ट कायद्यात कलम 68 आहे. पैसे भरून प्रकरण मिटवायचं ते कलम. तो अधिकार रेंजरच्या खालच्या माणसाला नाही, म्हणजे गार्डला नाहीच. आणि पैसे भरायचे की नाही ही आपली मर्जी. गुन्हा केला नसेल तर "केस कोर्टात घाला" असं सांगता येतं. भरलेच तर पावती घ्यायचीच.

ती पावती फेकू नका. आधीपासून प्लॉट कसत होतो हे दाखवायला बापाच्या नावाची जुनी दंडाची पावती आज कामाला येते. आणि पावती नाही म्हणून घाबरू पण नका. 1995 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या प्लॉटधारकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की नुसता कागद नाही म्हणून दावा फेटाळायचा नाही, दुसरा पुरावाही बघायचा. म्हाताऱ्या माणसांची साक्ष हाही पुरावाच. म्हणून आजोबा-आजींनो, तुम्हाला आज मुद्दाम बोलावलं आहे.

चार. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचं नाही. 1987 चा कायदा आहे, 1995 पासून चालू झाला. आदिवासीला, बाईला, अटकेतल्या माणसाला कमाई न बघता फुकट वकील मिळतो. जजसाहेबांना उभं राहून सांगायचं, "वकील नाही, सरकारी खर्चाने द्या."

पाच. बाईमाणसाला आणि 15 वर्षांच्या आतल्या पोराला पोलीस जबाबासाठी ठाण्यात बोलावू शकत नाहीत. जबाब घरी येऊन घ्यायचा.

कोर्टात गेलं की न्याय मिळाला, असं आम्ही म्हणत नाही. तारखा पडतात, एसटीचं भाडं जातं, मजुरी बुडते. पण कोर्टात सगळं कागदावर येतं आणि त्याच्यावर अपील होतं. मागच्या खोलीत काय झालं त्याचं अपील कुठं करणार?

म्हणून यापुढे कुणाला उचललं तर दोघांनी लगेच मागे जायचं. किती वाजता नेलं, कुणी नेलं, कुठं ठेवलं, लिहून घ्यायचं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. तिसऱ्याने संघटनेला निरोप द्यायचा. 24 तास झाले की सगळ्या पाड्याने तालुक्याच्या कोर्टापुढे जाऊन बसायचं आणि अर्ज द्यायचा.

त्या दोघा भावांचा नांगर अजून ऑफिसातच पडला आहे. तो मागायचा अर्ज आम्ही लिहिला आहे. सोमवारी तो घेऊन तालुक्याला जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी सकाळच्या गाडीला या. भाकरी बांधून आणा.

जिंदाबाद!