भुतांचे माहेर कोणते?



मी सातवी शिकलेली गृहिणी. पण भुते येतात कोठून, याविषयी माझे काही तर्क आहेत. हसू आले तर खुशाल हसा!

पिंपळावर मुंजा बोलतो म्हणतात. पिंपळाच्या पानाचा देठ लांब. जराशी झुळूक आली की सारे झाड सळसळते. माझ्या मते मुंजाची कुजबुज ती हीच. पडक्या वाड्यातली पांढऱ्या तोंडाची हडळ म्हणजे गव्हाणी घुबड. उडताना आवाज नाही, ओरडले की काळीज चरकते. बिचारे उंदीर खाऊन आपली ज्वारी राखते! आणि बालाघाटच्या माळावरचा चकवा? अंधारात खूण दिसेनाशी झाली, की सरळ चाललो असे वाटून माणूस गोल फिरतो.

पण अळवंतिणीपाशी माझे हसू थांबते. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. कोणाची लेक, कोणाची सून. जिवंतपणी तिला वेळेवर औषध मिळाले नाही, आणि मेल्यावर तिचीच भीती घालायची, हा कोणता न्याय? जिवंत बाईवर करणीचा आळ घेणे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

तेव्हा भगिनींनो, मुलांना भुतांच्या गोष्टी जरूर सांगा. पण सुनेचे दिवस भरत आले की अंगाऱ्यावर विसंबू नका, दवाखाना गाठा. अळवंतिणीवर खरा उतारा तोच.