देवाचा कोप नव्हे, देवाचा आधार
(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



मंदिरावर कळस चढला. कोणी सिमेंटच्या गोणी दिल्या, कोणी अंगमेहनत दिली. त्यांचे आभार समिती मानीलच. मला दोन शब्द बोलायचे आहेत ते दुखणाईत माणसाविषयी. कारण या पायरीवर त्याच्याइतका व्याकूळ होऊन कोणी येत नाही.

प्रथम एक कबुली देतो. माझ्या थोरल्या वहिनींच्या छातीत गाठ आली. आम्ही म्हणालो, कुलदैवताचा नवस राहिला असेल. अंगारे, धुपारे, कोंबडा यांत चार महिने गेले. डॉक्टरांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. पण वहिनींना गाठीपेक्षा एक प्रश्न अधिक जाळीत होता : "भावोजी, माझ्या हातून देवाचं काय चुकलं?" मी खाली मान घातली. तो प्रश्न आम्हीच त्यांच्या मनात पेरला होता.

पुढे शेजारच्या बाया रोज संध्याकाळी खाटेशी बसून हरिपाठ म्हणू लागल्या. पाप-पुण्याची गोष्ट कोणी काढली नाही. औषधाने ठणका कमी होई, हरिपाठाने रात्र सुसह्य होई. वहिनी गेल्या, पण मनावरचे ओझे उतरवून गेल्या.

शास्त्रज्ञांनीही याचा विचार केला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकले, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. म्हणजे देव तोच; पण तो आधार वाटतो की फौजदार, यावर रुग्णाचे पुष्कळ अवलंबून असते.

दाखला आपल्याच पनवेल तालुक्यात आहे. महारोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, असे म्हणून घरच्यांनी माणसे बाहेर काढली. वास्तविक त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला होता. अशा टाकलेल्या माणसांसाठी नेरे येथे १९५१ साली शांतिवन उभे राहिले. आज तो रोग औषधाने पूर्ण बरा होतो. मग पाप कुठे गेले? पाप रोग्याचे नव्हते. त्याला दाराबाहेर काढणाऱ्यांचे होते.

गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तन केले, पण रोग्याला औषधोपचार द्या हाच धर्म सांगितला. नवसाला कोंबडे-बकरे मारू नका, असेही बजावले. आपल्या शेजारी खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संस्था आहे. तिथे जाण्याने देवावरचा विश्वास उणा होत नाही.

म्हणून मागणे एवढेच. या मंदिरात आजाऱ्याला "काय चुकलं?" असे कोणी विचारू नये, "डॉक्टरांकडे केव्हा जायचे, सोबत कोण येणार?" असे विचारावे. भजनी मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ आजाऱ्याच्या घरी द्यावी. ज्याला भजन नको असेल, त्याच्याजवळ नुसते बसावे.

दगडाचा जीर्णोद्धार आपण केला. हा मनाचा जीर्णोद्धारही आपल्या हातून घडो, अशी देवाच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.