पिंजऱ्यातील माकड आणि पिंजरा झाडणारा



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने माकडांच्या रोगांवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण पिंजरा म्हटला की तो झाडणारा आलाच, आणि आम्ही त्याच्या बाजूचे.

आमच्या लहानपणी आठवडी बाजारात मदारी येई. त्याचे माकड त्याच्याच ताटातले खाई, त्याच्याच पालात निजे. ते वाळत चालले की लोक म्हणत, उपाशी ठेवले असेल. चार पुस्तके चाळल्यावर आज वाटते, तो क्षयही असू शकेल. रानातल्या माकडांत क्षय क्वचितच सापडतो. तो त्यांना बहुधा माणसाच्या खोकल्यातून लागतो आणि पिंजऱ्यांच्या रांगेत शिरला की भराभर पसरतो. जनावराने रोग दिला, असे आपण नेहमी म्हणतो. येथे देणारे आपणच!

२०२० साली कोव्हॅक्सिन लशीची पारख २० लाल तोंडाच्या माकडांवर झाली. त्यांचा शोध आपल्या विदर्भातच, नागपूरच्या बाजूस लागला, हे डॉ. बलराम भार्गव यांनी लिहून ठेवले आहे. प्रयोगशाळेत नवे माकड आले की त्याला आधी वेगळे ठेवतात. वरच्या पापणीत ट्युबरक्युलिन टोचून तीन दिवस ती सुजते का ते पाहतात. पापणीच का? पिंजऱ्याबाहेरूनही ती दिसते म्हणून.

याच माकडांत एक विषाणू असतो. माकडाला फार तर ओठावर फोड येतो; माणसाच्या मेंदूत शिरला तर तो जीव घेतो. १९३२ साली न्यूयॉर्कला डॉ. ब्रेबनर माकड चावून वारले. १९३४ मध्ये साबिन आणि राइट यांनी त्या विषाणूचे वर्णन केले. पुढे पोलिओची तोंडाने घ्यायची लस काढणारे ते हेच साबिन. अशी बाधा फार विरळा. देवळाजवळच्या माकडांवर कोणी दगड उचलू नये.

पण १९९७ ची हकीकत आम्हाला विसरवत नाही. अमेरिकेतील एका संशोधनकेंद्रात माकडे हलविताना २२ वर्षांच्या कामकरी मुलीच्या डोळ्यात घाण उडाली. चावा नाही, ओरखडा नाही. डोळ्यांवर चष्मा नव्हता. सहा आठवड्यांत ती गेली.

तेव्हा जेथे पिंजरे आहेत तेथे आमचे मागणे एवढेच: प्रत्येकाला चष्मा, डोळा पंधरा मिनिटे धुता येईल असा पाण्याचा नळ पिंजऱ्यांशेजारीच, आणि क्षयाची तपासणी माकडाबरोबर झाडणाऱ्याचीही, तीही भरपगारी. रोग निघाला तर त्याला औषध द्यावे, घरी बसवू नये.